मजुरी दुप्पट झाली, मग मस्टरवरची नावं का घटली? रोजगार हमी योजना, १९८८

मे १९८८ मध्ये महाराष्ट्रात शेतमजुरांचं किमान वेतन दुप्पट झालं. मागेल त्याला अंगमेहनतीचं सरकारी काम देणाऱ्या रोजगार हमी योजनेचे दर या वेतनाशी बांधलेले होते, त्यामुळे तेही दुप्पट झाले. पाझर तलावावर, नालाबांधावर, खडी फोडायला जाणाऱ्या माणसाला काल जेवढे पैसे मिळत होते त्याच्या दुप्पट आज मिळणार होते. अशा वेळी कामावर गर्दी उसळायला हवी होती. झालं उलटंच. पुढच्या काळात योजनेवरची हजेरी झपाट्यानं उतरली. त्या दशकात वर्षाला १५ कोटी मनुष्यदिवसांच्या आगेमागे काम निघत असे, दशक संपताना तो आकडा १० कोटींच्या खाली गेला होता.

श्रम-अर्थशास्त्र सार्वजनिक धोरणाला कसं लावायचं, हे शिकायला मला या प्रकरणाइतकं चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. पाठ्यपुस्तकातल्या बहुतेक कल्पना इथे एकदम कामाला येतात. घटना आपल्या राज्यातली आहे आणि तिचा निष्कर्ष आजच्या धोरणालाही तितकाच लागू पडतो. तो आधीच सांगून टाकतो. हमी देणाऱ्या योजनेत मजुरीचा दर महत्त्वाचा आहे, पण मागेल त्याला काम उघडं असणं त्याहून महत्त्वाचं आहे. दर वाढवताना कामं आणि पैसा वाढवला नाही, तर कागदावर वाढलेली मजुरी सगळ्यात गरजू माणसापर्यंत पोचतच नाही.

हमी आली कुठून

योजनेचा उगम १९७२ च्या दुष्काळात सांगितला जातो. ते अर्धंच खरं आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकारानं सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात १९६५ सालीच याचा प्रयोग झाला होता. प्रयोगामागची कल्पना साधी होती. ज्याला अंगमेहनतीचं काम हवं आहे त्याला सरकारनं ते द्यायचं, आणि ते असं द्यायचं की जमिनीत पाणी मुरेल, शेत सुधारेल. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारनं १९७२ साली ती राज्यभर जाहीर केली आणि लगोलग दुष्काळानं तिला गिळलं. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी वर होती. म्हणजे तान्ह्या मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत दर दहा माणसांमागे एक माणूस सरकारी कामावर माती उचलत होता. हा अनुभव नसता तर पुढचा कायदा झाला असता असं मला वाटत नाही. एवढ्या माणसांना काम देता येतं, मस्टर म्हणजे हजेरीपत्रक ठेवता येतं, आठवड्याला पगार वाटता येतो, हे प्रशासनाला त्या दोन वर्षांनी शिकवलं.

१९७७ साली विधिमंडळानं महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. ग्रामीण भागातल्या कुठल्याही प्रौढ माणसानं अकुशल काम मागितलं तर १५ दिवसांत ते द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा, असं बंधन सरकारनं स्वतःवर घालून घेतलं. भत्ता ठरला दिवसाला निदान एक रुपया. ही रक्कम पुढे फार महत्त्वाची ठरते, तिच्याकडे परत येतो.

पैसा उभा केला तो शहरांतून. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. मुंबई-पुण्यात नोकरी करणाऱ्यांच्या पगाराच्या स्लिपवर आजही दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, तो हाच कर. त्याच्या जोडीला विक्रीकर, मोटार वाहन कर, बागायती जमिनीवरचा कर यांतून येणारा पैसा, आणि या करांतून जेवढी रक्कम गोळा होईल तेवढीच सरकारनं आपल्याकडून घालायची, अशी निधीची रचना होती. पगारदारानं दिलेल्या पैशातून कोरडवाहू गावातल्या मजुराला उन्हाळ्यात काम मिळायचं. इतकी सरळ बांधणी सार्वजनिक वित्तात क्वचितच पाहायला मिळते.

कामावर मजुरी ठरायची कशी

धोरणाची चर्चा करताना दर म्हटलं की आपल्याला दिवसाचा आकडा दिसतो. रोजगार हमीच्या कामावर दिवसाचा रोज नव्हता, मोजमाप होतं. मजुरांची टोळी खणायला लागते, बहुधा एकाच वस्तीतली, बऱ्याचदा नवरा-बायको आणि भावकी. टिकावानं माती मोकळी करायची, फावड्यानं घमेल्यात भरायची, घमेलं डोक्यावर घेऊन भरावावर टाकायचं. खणताना खड्ड्यात मध्येच मातीचा एक उंचवटा न तोडता तसाच राखतात. तो मूळ जमिनीची पातळी दाखवतो आणि त्यावरून किती खोल खणलं ते मोजता येतं. आठवडा भरला की मोजमाप होतं. माती मऊ, कठीण की मुरूम, ती किती लांब वाहिली, किती उंच चढवली, या सगळ्याचे वेगवेगळे दर असतात. आलेली रक्कम मस्टरवरच्या हजेरीप्रमाणे वाटली जाते.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे बाई आणि पुरुष यांना एकाच मोजमापाला एकच दर होता. शेतात त्या काळी बाईला पुरुषापेक्षा बरीच कमी मजुरी मिळे. मग या कामांवर बायका मोठ्या संख्येनं आल्या यात नवल नाही. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या कुमुदिनी दांडेकरांनी या मजूर बायकांचा अभ्यास केला होता. दुसरी गोष्ट अशी की दर दुप्पट झाला म्हणजे हातात दुप्पट पडेलच असं नाही. मधे मोजणारा माणूस आहे. मोजमाप उशिरा झालं, मुरुमाची नोंद मऊ माती म्हणून झाली, पगार तीन आठवडे लांबला, तर वाढलेला दर वाटेतच झिजतो. ‘रोजगार हमी, अर्धे तुम्ही अर्धे आम्ही’ ही म्हण गावोगाव उगाच नाही झाली. मजूर काम करायचं की नाही हे ठरवतो ते हातात काय आणि कधी पडेल त्यावरून, सरकारी परिपत्रकावरून नाही.

सिद्धांत काय सांगतो

गरिबांसाठीच्या योजनेत गरीब कोण हे ठरवणं सगळ्यात अवघड काम. दाखले, याद्या, सरपंचाची शिफारस, या प्रत्येक ठिकाणी चूक आणि लबाडी शिरते. रोजगार हमीनं तो प्रश्नच बाजूला ठेवला. काम अंगमेहनतीचं, मजुरी माफक. ज्याच्याकडे दुसरं बरं काही आहे तो एप्रिल-मेच्या उन्हात खडी फोडायला येणारच नाही. यादी न करता माणसं आपोआप निवडली जातात.

प्रत्येक माणसाच्या मनात एक दर असतो, ज्याच्या खाली तो काम धरत नाही. हा दर ठरतो त्याच्याकडे दुसरं काय आहे यावरून. घरची दोन एकर, शेळ्या, तालुक्याच्या गावी हमाली, काहीच नसेल तर शून्य. सरकारी मजुरी जितकी खाली तितके फक्त तळातले लोक येतात. ती जितकी वर तितकी वरच्या थरातली माणसंही रांगेत उभी राहतात. इथे एक खरी अडचण आहे आणि ती झाकू नये. मजुरी खाली ठेवली तर योजना अचूक माणसापर्यंत जाते, पण त्याच्या पदरात थोडंच पडतं. वर नेली तर पदरात जास्त पडतं, पण रांग लांबते.

मजुराला मिळालेली सगळी मजुरी हा त्याचा निव्वळ फायदाही नसतो. इथे आला म्हणून त्यानं दुसरं काही सोडलं असेल तर ते वजा करावं लागतं. गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हॅलियन या अर्थशास्त्रज्ञांनी सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातलं कानझरा या दोन गावांतल्या कुटुंबांच्या वेळेचा हिशेब मांडून हे मोजलं. सोडलेली कमाई सरासरीनं मजुरीच्या साधारण पाव हिश्श्याएवढी निघाली. म्हणजे रुपयातले बारा आणे खरोखर पदरात पडत होते. मजुराचा वेळ फुकट असतो असं मानणारे आणि तो शेतातून पळवला जातो असं मानणारे, दोघांचेही दावे या आकड्यानं उघडे पडतात.

घट झाली ती कोणाकडून

आता १९८८ कडे येऊ. मस्टरवर जो आकडा दिसतो तो काय आहे? कामावर आलेली माणसं. तो कामाच्या मागणीचा आकडा नाही आणि उपलब्ध कामाचाही नाही. या दोन्हींपैकी जो लहान असेल तो मस्टरवर उमटतो. शंभर माणसं काम मागत असतील आणि साठ जणांपुरतंच काम असेल तर मस्टर साठ दाखवणार. काम शंभर जणांचं असेल आणि साठच आले तरी मस्टर साठच दाखवणार. आकडा एक, गोष्टी दोन, आणि त्यांवरचे उपाय अगदी उलटे. विद्यार्थ्यांनी या टप्प्यावर थांबावं असं मला मनापासून वाटतं, कारण मंत्रालयापासून वर्तमानपत्रापर्यंत बहुतेक जण इथेच घसरतात. हजेरी कमी झाली की ‘आता लोकांना गरज उरली नाही’ असं म्हणून मोकळे होतात.

हजेरी घटण्याची तीन कारणं शक्य होती.

पहिलं, मजुरांनीच काम कमी केलं. मजुरी दुप्पट झाली, घरखर्चापुरतं निम्म्या दिवसांत भागतं, मग उरलेले दिवस माणूस घरी बसेल. हा युक्तिवाद इंग्रजांच्या काळापासून मजुरांविरुद्ध वापरला गेला आहे. एखाद्या कुटुंबाबाबत तो खराही असू शकेल. पण वाढलेल्या दरानं आधी न येणारी माणसं कामावर ओढली जातात, हे विसरून चालत नाही. इतक्या खालच्या उत्पन्नावर, एवढ्या मोठ्या राज्यात, दर दुप्पट झाल्यावर काम मागणारे एकूण लोक कमी व्हावेत, हे पटण्यासारखं नाही.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे, ते म्हणजे पाऊस. १९८७ मध्ये देशभर दुष्काळ पडला आणि १९८८ चा पावसाळा उत्तम झाला. शेतात काम निघालं की रोजगार हमीवरची गर्दी ओसरते. एप्रिल-मेमध्ये ती शिगेला पोचते आणि सुगीत तळाला जाते, हा दरवर्षीचा क्रम. म्हणजे १९८८ ची घट दरवाढीमुळे नसून चांगल्या पावसामुळे असू शकते. दोन्ही गोष्टी एकाच हंगामात घडल्या, आता त्या वेगळ्या काढायच्या कशा?

शेजारचं राज्य घेऊन तुलना करायची सोय नव्हती, कारण अशी हमी दुसऱ्या कुठल्या राज्यात नव्हती. अमेरिकेत न्यू जर्सीनं १ एप्रिल १९९२ रोजी किमान वेतन तासाला ४.२५ वरून ५.०५ डॉलर केलं, तेव्हा तुलनेसाठी डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांना शेजारी पेनसिल्व्हेनिया होतं. तिथे दर बदलला नव्हता. दोन्हीकडच्या फास्ट फूड दुकानांतल्या नोकरांची संख्या आधी आणि नंतर मोजून त्यांनी तुलना केली, आणि न्यू जर्सीत रोजगार घटल्याचं त्यांना आढळलं नाही. महाराष्ट्रात तसा शेजार नव्हता. म्हणून रॅव्हॅलियन, दत्त आणि शुभम चौधरी यांनी काळाचा आधार घेतला. दरवाढीपूर्वीच्या वर्षांची महिनावार हजेरी घेतली, हंगामाचा आणि पावसापाण्याचा परिणाम त्यातून बाजूला काढला, आणि जुनाच क्रम चालू राहिला असता तर पुढे हजेरी किती दिसली असती याचा अंदाज बांधला. त्यांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष हजेरी अंदाजापेक्षा बरीच खाली होती. चांगल्या पावसानं एवढी घट समजावता येत नव्हती. उरलं तिसरं कारण. काम मागणारे होते, काम उघडलं जात नव्हतं. हमी आतून शिधावाटपासारखी झाली होती, असेल तेवढंच काम वाटायचं आणि बाकीच्यांनी थांबायचं.

न्यू जर्सी आणि महाराष्ट्र यांच्यातला फरक इथेच लक्षात घ्यावा. तिथे मजुरी द्यायची होती दुकानमालकानं, आणि त्याच्याकडे थोडा नफा, थोडी भाववाढ अशी जागा होती. इथे मजुरी द्यायची होती तिजोरीनं. वर्षाची रक्कम अर्थसंकल्पात ठरून जाते, मग दर वाढला की दिवस कमी होतात. समजा एका तालुक्याला मजुरीसाठी ६० लाख रुपये आहेत. सहा रुपये दरानं १० लाख दिवसांचं काम निघतं, बारा रुपयांनी पाच लाख दिवसांचं. त्याच वेळी नव्या दराला काम मागणारे वाढलेले असतात. उघडलेलं काम आणि मागितलेलं काम यांच्यातली दरी दोन्ही बाजूंनी रुंदावते.

‘काम नाही’ असं कुणी म्हणत नाही

कायद्यानं नाही म्हणता येत नव्हतं, मग रांग तोडली कशी? गावातल्या मजुराला ते पाठ असतं. कामाचा अर्ज घ्यायचा पण पोच द्यायची नाही. पोच नसेल तर १५ दिवस कधी सुरू झाले हे कुणी सिद्ध करू शकत नाही, आणि बेकारी भत्त्याचा प्रश्नच मिटतो. निदान ५० मजूर असल्याशिवाय नवं काम सुरू करता येत नसे. चाळीसच आले तर थांबा. चालू काम पूर्ण झालं, पुढच्याचं अंदाजपत्रक मंजुरीला गेलंय. काम निघालं पण पलीकडच्या खोऱ्यात. योजनेत घरापासून पाच किलोमीटरच्या आत काम देण्याचा संकेत होता, तो पाळला नाही की तान्हं मूल असलेली बाई, म्हातारा माणूस आपोआप गळतात. म्हणून ही छाटणी सगळ्यांवर सारखी पडत नाही. मुकादमाच्या ओळखीचे, धडधाकट, रस्त्यालगतच्या गावातले टिकतात. तांड्यावरचे, पाड्यावरचे, एकट्या बायका आधी जातात. मजुरी माफक असताना जी निवड उन्हानं आणि मेहनतीनं होत होती, ती आता मुकादमाच्या मर्जीनं होऊ लागली.

आता तो एक रुपया भत्ता. काम न देण्याची किंमत सरकारला किती पडते? दिवसाला एक रुपया, तोही अर्जाची पोच असेल तर. काम दिलं तर बारा रुपये मजुरी, वर सामानाचा आणि यंत्रणेचा खर्च. कायद्यात खर्चाचे निदान ६० टक्के अकुशल मजुरीवर जायला हवेत असं होतं, म्हणजे मजुरी वाढली की एकूण खर्चही बराच वाढतो. मजुरी दुप्पट केली तेव्हा भत्ताही मजुरीच्या प्रमाणात वाढवला असता, तर काम नाकारणं महाग झालं असतं. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक हीच वाटते. दराचा निर्णय झाला, नकाराच्या किमतीचा झाला नाही.

आणि पैसा नव्हता असंही म्हणता येत नाही. त्याच १९८८ साली ६०वी घटनादुरुस्ती होऊन व्यवसाय कराची वार्षिक मर्यादा २५० रुपयांवरून २५०० रुपयांवर गेली. उत्पन्नाचा दरवाजा दसपट उघडला होता. त्या काळात योजनेचा भर मात्र दुसरीकडे सरकत होता. १९९० पासून रोजगार हमीशी फळबाग लागवड जोडली गेली, त्याच सुमारास खासगी जमिनीवरच्या विहिरीही जोडल्या गेल्या. कोकणातल्या आंब्याच्या आणि काजूच्या, कोरडवाहू भागातल्या बोरा-डाळिंबाच्या कितीतरी बागा त्या पैशातून उभ्या राहिल्या. त्यानं शेतकऱ्याचं भलं झालं, हे मी मोकळेपणानं मान्य करतो. पण ज्याला बाग लावायला जमीनच नाही, त्याच्या नावानं गोळा केलेला हा पैसा होता. जमीनवाल्यांचा आवाज आमदारापर्यंत पोचतो. काम न मिळालेल्या मजुराची कुठे नोंदच नसते, तर आवाज कुठून येणार?

मग दर वाढवायला नको होता का

अर्थशास्त्राच्या वर्गात हा प्रश्न आला की बरेच जण घाईनं होय म्हणतात. मजुरी कमी ठेवा, जास्त लोकांना काम द्या. मला हे मान्य नाही.

आधी कायद्याची बाजू. १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं ही घटनेच्या २३व्या कलमानुसार वेठबिगारीच आहे. १९८३ मध्ये राजस्थानातल्या दुष्काळी कामांच्या बाबतीत, संजित रॉय खटल्यात, तेच पुन्हा सांगितलं. लोक आपखुशीनं येतात, दुष्काळी मदतच आहे, हे बचाव चालले नाहीत. जे सरकार शेतकऱ्याला किमान वेतन द्यायला सांगतं त्यानं स्वतः ते न देणं टिकणारं नव्हतं.

दुसरी बाजू अर्थशास्त्राचीच आहे, आणि ती जास्त रोचक आहे. गावात मजुराला काम देणारे किती असतात? चार-सहा मोठे शेतकरी. त्यांच्यात स्पर्धा पुरेशी नसेल तर मजुरी त्याच्या कामाच्या मोलापेक्षा खाली राहते. अशा ठिकाणी सरकारी काम उघडं असलं की मजुराला ‘नाही परवडत’ म्हणता येतं. शेतकऱ्याला दर वाढवावाच लागतो आणि वाढवूनही रोजगार घटेलच असं नाही. २००५ च्या कायद्यानं आलेल्या केंद्राच्या रोजगार हमीवर पुढे झालेल्या अभ्यासांनी याला आधार दिला. क्लेमाँ इम्बेर आणि जॉन पॅप यांना खासगी कामावरची रोजंदारी कोरड्या हंगामात ४.७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. कार्तिक मुरलीधरन, पॉल निहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी त्या वेळच्या आंध्र प्रदेशात योजनेची अंमलबजावणी सुधारल्याचा परिणाम मोजला. गरीब कुटुंबांचं जे उत्पन्न वाढलं त्यातला मोठा भाग योजनेच्या मजुरीतून आलेला नव्हताच. तो खासगी कामातून, वाढलेल्या दरांतून आला होता.

१९८८ चं नुकसान इथे नीट कळतं. शेतकऱ्याशी घासाघीस करताना मजुराच्या पाठीशी काय असतं? आपण म्हणू तेव्हा सरकारी काम मिळेल हा भरवसा. तो भरवसा फळ्यावरच्या दरानं येत नाही. कामं बंद आहेत हे शेतकऱ्याला मजुराइतकंच ठाऊक असतं. म्हणजे काम न उघडून सरकारनं कामाबाहेर राहिलेल्यांचं नुकसान केलंच, शिवाय जे कधीच रोजगार हमीवर गेले नव्हते त्यांची बाजारातली मजुरी वाढण्याची संधीही घालवली. दर वाढवून कामं उघडी ठेवली असती तर त्यांच्याही पदरात काही पडलं असतं. हा परिणाम कुठल्याही मस्टरवर दिसत नाही.

उघडं कामसुद्धा सगळ्यांना पुरं पडत नाही, हे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीकडे पाहिलं की जाणवतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबंच्या कुटुंबं साखर कारखान्यांच्या हद्दीत जातात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, कोप्यांत (पाचटाच्या झोपड्यांत) राहतात. तोडणीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. गावाजवळ रोजगार हमीचं काम असूनही ती का जातात, असं विचारलं जातं. कारण आहे उचल. लग्न, दवाखाना, जुनं देणं यांसाठी मुकादम पावसाळ्यातच एकरकमी पैसे देतो आणि पुढचे सहा महिने ते अंगावर फेडून घेतो. रोजगार हमी आठवड्याची मजुरी देऊ शकते, एकरकमी उचल देऊ शकत नाही. इथला प्रश्न कर्जाचा आहे, आणि कर्जाचा प्रश्न मजुरीदरानं सोडवायला गेलं तर तो सुटत नाही. नुसत्या दराची तुलना करून स्थलांतर थांबेल असं भाकीत करणारा अहवाल हाती आला, तर त्यात उचलीचा उल्लेख आहे का ते मी आधी पाहतो.

पुढे काय झालं

२००५ साली संसदेनं राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला, २ फेब्रुवारी २००६ पासून तो २०० जिल्ह्यांत आणि १ एप्रिल २००८ पासून देशभर गेला. महाराष्ट्राच्या अनुभवाची त्यावर दाट छाया होती. काही शहाणपण घेतलं गेलं. बेकारी भत्ता मजुरीच्या प्रमाणात ठेवला, पहिल्या ३० दिवसांसाठी निदान पाव आणि नंतर निदान निम्मा. भत्त्याचा बोजा मात्र राज्यावर आणि मजुरीचा केंद्रावर, म्हणजे काम नाकारलं तर राज्याच्या खिशाला चाट बसावी अशी रचना होती. १९८८ मध्ये जी किंमत एक रुपयावर गोठलेली होती, ती इथे विचारपूर्वक वाढवली होती. महाराष्ट्रानं आपला १९७७ चा कायदा केंद्राच्या कायद्याशी जुळवून घेतला आणि १०० दिवसांच्या पुढच्या कामाची जबाबदारी स्वतःकडे ठेवली.

दराच्या बाबतीत मात्र लंबक दुसऱ्या टोकाला गेला. १ जानेवारी २००९ पासून केंद्रानं योजनेची मजुरी राज्यांच्या किमान वेतनापासून तोडली. त्यानंतर कित्येक राज्यांत योजनेचा दर शेतीच्या किमान वेतनाखाली राहिला, आणि जिथे बाजारातली मजुरी वर गेली होती तिथे लोक स्वतःहून येईनासे झाले. हजेरी इथेही घटते, १९८८ नंतरही घटली होती. बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात. एकीकडे माणूस येत नाही, दुसरीकडे आलेल्याला काम मिळत नाही. पहिल्यावर उपाय दर वाढवणं हा आहे. दुसऱ्यावर तोच उपाय केला तर रांग आणखी लांबेल.

यातलं कुठलं चित्र आपल्या तालुक्यात आहे, हे शोधायचं असेल तर मस्टर पाहून भागणार नाही. कामाच्या मागणीचा अर्ज आणि त्याची तारीख घातलेली पोच पाहावी लागेल. मजुरानं कोणत्या तारखेला काम मागितलं आणि त्याचं नाव मस्टरवर कधी चढलं, या दोन तारखांमधलं अंतर महिनावार मांडलं की पुरवठा आणि मागणी वेगळे दिसू लागतात. अडचण ही की बऱ्याच ठिकाणी काम मंजूर झाल्यावरच, त्याच दिवशीच्या तारखेनं, अर्ज भरून घेतले जातात. तसं असेल तर सगळी अंतरं शून्य येतील आणि कागदावर हमी शंभर टक्के पाळलेली दिसेल. म्हणून तालुक्याचा अभ्यास करणाऱ्यानं आधी ग्रामपंचायतीच्या दप्तरातल्या अर्जांच्या तारखा तपासाव्यात. चाळीस अर्ज, एकच तारीख, एकच हस्ताक्षर आणि दुसऱ्याच दिवशी काम सुरू, असं आढळलं तर तो आकडा बाजूला ठेवून वस्तीवर जावं, आणि मागच्या उन्हाळ्यात कुणी काम मागितलं होतं, कुणाला मिळालं, कुणाला पोच मिळाली नाही, हे घरोघर विचारावं.